टाकीमागची जागा

बडनेरा
१२ जानेवारी १९५८

चि. प्रेमसिंग,

तुझ्या आईला आधी माझा नमस्कार सांग, मग पुढचं वाच.

ह्यांच्या ऑफिसात काल बातमी आली. एक एप्रिलपासून खैरधरीला गाडी थांबणार नाही. तिकिटं विकली जात नाहीत, कापसाच्या गाठी आता मोटरीने जातात, मग स्टेशन कशाला ठेवायचं, असं वर ठरलं म्हणे. ह्यांनी जेवताना सांगितलं आणि ताक मागितलं. ज्या स्टेशनावर चौदा वर्षं मास्तर म्हणून काढली, त्याबद्दल आणखी एक शब्द बोलले नाहीत. तुला त्यांचा स्वभाव ठाऊकच आहे.

मला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. क्वार्टरमध्ये पुढं कोणी राहणार का? पाण्याची टाकी तिथंच ठेवणार की नेणार? टाकी गळायची, म्हणून मागची कण्हेर हिरवी राहायची. टाकी गेली तर ती कण्हेर जगेल का, आणि ती जागा कोणाच्या ताब्यात जाईल? मी हे का विचारते ते तुला कळणार नाही. हे पत्र आईला वाचून दाखव, ती सांगेल. तिला सगळं माहीत आहे.

उत्तर मात्र आमच्या घरी पाठवू नकोस. शेजारच्या लीलाबाई जोशींच्या नावाने पाठव. ह्यांच्या हाती पडायला नको.

तुझी शाळा कशी चालली आहे? मी शिकवलेल्या पोराने मास्तर व्हावं, याचं मला अजून नवल वाटतं.

विमलताई


खैरधरी तांडा
२३ जानेवारी १९५८

ती. विमलताईंना प्रेमसिंगचा नमस्कार.

पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी आईला, आमच्या याडीला, वाचून दाखवलं. ती चुलीपाशी होती. कण्हेरीचं ऐकलं आणि तवा खाली उतरवून म्हणाली, "चाल माह्यासंगं." टाकीमागं गेल्यावर कण्हेरीच्या आळ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "इथं बाईची पोरगी हाय. तुह्या बापानं आन् मास्तरनं खड्डा खणलता. तू तवा लहान होता."

ताई, मी त्या आळ्यापाशी बसून पाढे पाठ केले आहेत. तुम्ही पाटी घेऊन नेहमी तिथंच बसायच्या. मला वाटायचं, गळक्या टाकीमुळं तिथं गार लागतं म्हणून बसत असाल.

याडीनं मग सगळं सांगितलं. बाळंतपण तिनंच केलं होतं, आणि बारशाच्या आधीच पोर गेली. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून तिनं वर बाभळीचे काटे टाकले होते. ती म्हणते, "तिले लिही, पोरगी एकटी नाही. मी सांजीले पाणी आणाले जातो तं तिकूनच येतो. कायले झुरते म्हणा."

क्वार्टरमध्ये राहायला कोणी येणार नाही. टाकीचं अजून कळलं नाही. टाकी गेली तर विहिरीवरून पाणी आणून आम्ही घालू. जागा रेल्वेचीच राहील असं म्हणतात. पडीक जागेवर कोणाचा डोळा असणार?

शाळेत एकवीस मुलं आहेत. कापूस वेचणीच्या दिवसात सहा.

तुमचा
प्रेमसिंग


बडनेरा
९ एप्रिल १९५८

चि. प्रेमसिंग,

तुझं पत्र लीलाबाईंनी पापडाच्या डब्यात घालून आणून दिलं. मी ते पुष्कळदा वाचलं.

एक तारखेला सकाळी हे नेहमीप्रमाणे ड्युटीवर गेले. मी दिवसभर खैरधरीचाच विचार करत होते. शेवटच्या गाडीला कोणी होतं का? काय झालं ते सगळं लिही.

तू आता मोठा आहेस म्हणून सांगते. पोर गेली त्या दिवशी दुपारची गाडी यायची होती. ह्यांनी तिला कापडात घेतलं, तुझ्या वडिलांबरोबर टाकीमागं गेले, परत आले, हात धुतले आणि झेंडी घेऊन फलाटावर गेले. गाडी वेळेवर सुटली. त्यानंतर आजवर त्यांच्या तोंडून तिचा विषय निघालेला नाही. एवढ्याशा मुलासाठी दगड ठेवायचा नसतो, दिवस पाळायचा नसतो, त्याने जीव अडकून राहतो, असं त्यांच्या आईने तेव्हा पत्रात कळवलं होतं. ते त्यांनी मानलं. मी कण्हेर लावली तेव्हा ते काही म्हणाले नाहीत, पण त्या बाजूला कधी गेलेही नाहीत.

बदली झाली तेव्हा मला वाटलं होतं, मधूनमधून गाडीने येता येईल. उतरायचं, घडीभर तिच्यापाशी बसायचं आणि परतीच्या गाडीने निघायचं. कोणाला काही सांगावं लागलं नसतं. आता ते राहिलं. माझं एवढंच मागणं आहे की ती जागा असू दे. कधी ना कधी मी येईन.

विमलताई


खैरधरी तांडा
२ जून १९५८

ती. ताई,

उशिरा लिहितो आहे. याडीला ताप होता. आता बरी आहे.

शेवटच्या गाडीला अख्खा तांडा फलाटावर होता. तिकीट कोणीच काढलं नव्हतं. आमच्या तांड्याचे नायक देवसिंगबाबा नवं पागोटं बांधून आले होते. बायका रडायला लागल्या तसे ते चिडले. म्हणाले, "आपला तांडा मीठ लादून फिरे तवाची गोष्ट सांगतो. पुढचा बैल इथं येऊन बसला तं उठेचना. म्हणून मुक्काम पडला, विहीर खणली. मंग सायेब लोकं आले. त्यायनं पाहिलं, पाणी हाय, तं आपल्याच मुक्कामावर टेसन बांधलं. गाडी आली आन् आपल्या बैलायचं काम गेलं. तवा कोणी रडाले आलं नाही. आता गाडीचं काम गेलं तं तुमी कायले रडता?" सगळे हसले. गाडी हलली तेव्हा मात्र बाबांनीच तोंड फिरवलं.

त्याच दुपारी रेल्वेच्या गँगवाल्यांनी स्टेशनाच्या नावाची पाटी काढली. पंधरवड्यात दारं-खिडक्या गेल्या. काही रेल्वेने नेल्या, काही लोकांनी. टाकी यवतमाळच्या एका जिनिंगवाल्याने घेतली. आता गाडी जाते ती शिट्टी न देता जाते. पोरं हात करतात, कोणी कोणी आतून हात करतं.

कण्हेर जगली आहे. याडी घागरीनं पाणी घालते. शेजारणी विचारतात, "मानीबाई, कण्हेरीले का कापूस लागते का?" ती त्यांना काही सांगत नाही.

प्रेमसिंग


खैरधरी तांडा
१४ डिसेंबर १९५९

ती. ताई,

बरेच महिने तुमचं पत्र नाही, माझंही नाही. आज लिहायचं जिवावर आलं आहे, पण लिहायलाच हवं.

यवतमाळ-दारव्ह्याची सडक मोठी होते आहे. तिचा ठेकेदार रामराव नावाचा आहे. त्याला मुरूम पाहिजे आणि स्टेशनामागच्या टेकाडात चांगला लाल मुरूम आहे. रेल्वेने त्याला परवानगी दिली. फलाटाच्या टोकापासून खणायला सुरुवात झाली आहे. असंच चाललं तर संक्रांतीच्या सुमारास टाकीच्या चौथऱ्यापर्यंत येतील.

मी ठेकेदाराला भेटलो. तुमचं नाव न घेता सांगितलं, इथं एक मूल पुरलेलं आहे. माणूस वाईट नाही. म्हणाला, "मास्तर, या सडकेखाली किती लोकायचे लेकरं असतीन, मी कोणाकोणासाठी थांबू? तुमी म्हणता तं उकरून दुसरीकडं ठेवा."

तुम्ही सांगाल तसं करतो.

प्रेमसिंग


बडनेरा
१९ डिसेंबर १९५९

प्रेमसिंग,

उकरू नका. एवढं माझं ऐक. अठरा वर्षांनी तिथं काय निघेल आणि काय नाही, ते कोणी बघायला नको. ती जिथं आहे तिथंच राहू द्या.

ह्यांना सांगावं असं एकदा मनात आलं. त्यांनी रेल्वेत अर्ज केला असता तर कदाचित थांबलं असतं. काल संध्याकाळी विषय काढायला गेले, "खैरधरीला म्हणे" एवढंच म्हटलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी "थंडी फार पडली आहे" असं म्हणून स्वयंपाकघरात गेले. त्यांचे पाय सुजतात. डॉक्टर छातीचं दुखणं सांगतात. त्यांना आणखी काही सांगायची माझी हिंमत नाही.

तुझ्या आईला विचार. तिला काही सुचेल.

विमलताई


खैरधरी तांडा
२० जानेवारी १९६०

ती. ताई,

जागा वाचली. आधी हे वाचा, मग बाकीचं सावकाश वाचा.

तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर याडी म्हणाली, "बाईले म्हणा झोप निवांत." मजूर टाकीपर्यंत आले त्या सकाळी ती पहाटेच तिथं गेली होती. कण्हेरीच्या बुडाशी एक दगड मांडला, त्याला तेलात कालवून शेंदूर लावला, बांबूला पांढरा झेंडा बांधला आणि समोर बसून राहिली. मजुरांनी विचारलं तर म्हणाली, "इथं माता हाय. आमच्या सासऱ्याच्या आधीपासून हाय. कुदळ मारसान तं मारा, मंग घरच्यायचं पाहून घ्या."

मजूर सगळे हिंगोलीकडचे. एकानंही कुदळ उचलली नाही. रामराव ठेकेदार आला, त्यानं मला बाजूला घेऊन म्हटलं, "मास्तर, तुमी तं लेकरू म्हणत होते." मी म्हटलं, "आई म्हणते ते खरं." त्यानंही नारळ फोडला आणि खाण पलीकडं वळवली. आता दोन्ही अंगांनी खड्डे आहेत आणि मधे तेवढीच जागा उंच राहिली आहे. लांबून दिसते.

परत येताना मी याडीला म्हटलं, तू खोटं बोललीस. ती म्हणाली, "लेकराले कोण भेते? मातेले भेतेत."

पुढच्या सत्रापासून मला मुकुटबनला हेडमास्तरची जागा मिळते आहे. इथून फार लांब आहे. याडी यायला तयार नाही. सणासुदीला मी येत जाईन.

प्रेमसिंग


बडनेरा
३ फेब्रुवारी १९६०

चि. प्रेमसिंग,

देव्हाऱ्यापुढं बसून तुझं पत्र वाचलं. मानीबाईंना काय द्यावं? त्यांच्या हातून माझी पोर जन्मली आणि त्यांच्याच हातून वाचली, असं आता मी म्हणते. चूक असेल तर असो.

सोबत एक हिरवा खण पाठवते आहे. त्या दगडापाशी ठेवायला सांग. तिच्यासाठी मी कधी झबलंसुद्धा शिवलं नव्हतं. सवड मिळायच्या आत सगळं संपलं.

मला डोळ्यापुढं दिसतं. उंचावर एक कण्हेर, एक दगड, एक झेंडा. कोणी नाही, वारा आहे. मी तिथं बसले आहे. हे बरे झाले की येतेच.

मुकुटबनला प्रकृती सांभाळ.

विमलताई


मुकुटबन
२९ नोव्हेंबर १९६१

ती. ताई,

दिवाळीला खैरधरीला जाऊन आलो. याडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. माणूस आवाजावरून ओळखते. ऑपरेशनचं नाव काढलं की पांघरूण घेऊन झोपते.

जागा ठीक आहे. आता तिच्याबद्दल काळजी करायचं कारण नाही. आसपासचे लोक येतात, नारळ ठेवतात. गेल्या वर्षी तांड्यातल्या एका बाईला बऱ्याच वर्षांनी मूल झालं, तिनं कण्हेरीला कापडाचा पाळणा बांधला. तेव्हापासून बायका जास्त येतात. याडीला दिसत नाही, म्हणून दिवाबत्ती माझा मावसभाऊ डोंगरसिंग बघतो. तो दिग्रसकडून आला आहे, तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. त्यानं वर टिनाचं छप्पर घातलं. काही गोष्टी मला पटल्या नाहीत, तसं मी त्याला बोललो. तो म्हणाला, "तुमी शाळा पाहा, मास्तर. मातेचं मी पाह्यतो."

तुम्ही यायचं म्हणता. यंदा नको. सडक अजून नीट नाही, आणि चैत्रात तर मुळीच नको, गर्दी असते. पुढच्या दिवाळीनंतर मी स्वतः बडनेऱ्याला येऊन तुम्हाला घेऊन जाईन. आपण दोघंच जाऊ.

प्रेमसिंग


बडनेरा
८ मार्च १९६२

चि. प्रेमसिंग,

हे गेले. माघी एकादशीला सकाळी चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि मान टाकली. सगळं शांतपणे झालं. स्टेशनावरची माणसं खांदा द्यायला आली होती.

चार दिवसांपूर्वी त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत बसले होते. तेव्हा मनात आलं, तुझे वडील केव्हाच गेले, आता हेही गेले, पोरीला ज्यांनी पाहिलं होतं अशी दोनच माणसं उरली. मी आणि तुझी आई. तुझ्या आईला दिसत नाही.

यापुढं पत्र माझ्याच नावाने पाठव. लपवायचं कोणापासून? माझा भाऊ मला नागपूरला न्यायचं म्हणतो. तिकडं गेले की येणं होणार नाही. त्याआधी एकदा खैरधरीला जाऊन येणार आहे.

विमलताई


मुकुटबन
११ एप्रिल १९६२

ती. ताई,

मास्तरसाहेबांचं वाचून वाईट वाटलं. मी लहान असताना त्यांनी मला एकदा झेंडी धरू दिली होती. त्यांना मी कधी हसताना पाहिलं नाही, पण ते कोणाला टाकूनही बोलत नसत.

शाळेची तपासणी होती म्हणून उत्तराला उशीर झाला. ताई, एकट्या जाऊ नका. मी हात जोडून सांगतो. मे महिन्यात सुट्टी लागली की मी येतो, डोंगरसिंगशी बोलून एक दिवस सगळं बंद ठेवायला लावतो, मग तुम्हाला नेतो. तिथं जे आहे ते तुमच्या मनातल्यासारखं नाही. पत्रात लिहिता येत नाही. तेवढे दिवस थांबा.

प्रेमसिंग


बडनेरा
१७ एप्रिल १९६२

चि. प्रेमसिंग,

तुझं पत्र मी परत आल्यावर हाती पडलं. मी रविवारी जाऊन आले. तू येऊ नको का म्हणत होतास ते कळलं. तुझ्यावर माझा राग नाही, हे आधीच लिहिते.

यवतमाळहून मोटर धरली. कंडक्टरला खैरधरी म्हटलं तर म्हणाला, "टेसनमातेले का? मंग तसं सांगा न बाई." अर्धी मोटर तिथंच उतरली.

स्टेशनाच्या भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. माझ्या स्वयंपाकघरात तीन चुली पेटल्या होत्या आणि फलाटावर पंगत बसली होती. मटणाचा वास येत होता. टाकीच्या चौथऱ्यापासून बायामाणसांची रांग लागलेली. मला बसायचं होतं, पण बसायला जागा कुठंच नव्हती. मी रांगेत उभी राहिले.

माझ्यापुढं आर्णीकडची एक बाई होती, बरोबर नवी सून. सासू तिला माहात्म्य सांगत होती. "पयले इथं गाडी थांबे. मातेले शिट्टीचा तरास होये. तिनं टेसनमास्तरच्या सपनात येऊन सांगलं, गाडी बंद कर म्हणून. त्यानं ऐकलं नाही. मंग मातेनं त्याचं लेकरू घेतलं." सून म्हणाली, "अगं माय. मंग?" सासू म्हणाली, "मंग काय, मास्तरच्या बायकोची कूस पुन्हा भरली नाही. शेवटी सरकारले गाडी बंद करा लागली. अशी कडक हाय."

सुनेने माझ्याकडे वळून विचारलं, "खरं हाय का वं मावशी?" मी म्हटलं, मी लांबून आले, मला माहीत नाही.

पुढं गेले तसं दिसायला लागलं. कण्हेर पाळण्यांनी आणि चिंध्यांनी इतकी भरली आहे की पान दिसत नाही. दगडाला चांदीचे डोळे बसवले आहेत. खणांचा ढीग होता, त्यात माझा असला तरी ओळखू आला नसता. माझ्या दोन माणसं पुढं एका घरच्यांचा बोकड होता. त्यांनी तो तिथंच दगडासमोर कापला. मी डोळे मिटले नाहीत. इतक्या लांबून तिला बघायला आले होते, मिटून काय करणार?

त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. बोकड आणलेला माणूस हात जोडून पोराचं नाव घेत होता. त्याचं मूल आजारातून उठलं होतं.

माझी पाळी आली. तुझ्या डोंगरसिंगने नारळ घेतला आणि म्हणाला, "मागणं बोल, बाई."

मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही तं आली कायले? चाल, सरक पुढं. लोकं उनात उभे हायत."

मागून कोणीतरी खांद्याला हात लावला, आणि मी सरकले.

नंतर तांड्यात गेले. तुझी आई दारात बसली होती. माझ्या पावलांवरून नाही, पण हाक मारल्याबरोबर तिने ओळखलं. तिने माझं कपाळ, गाल, मान, सगळं हातांनी चाचपलं. कुंकू नाही हे तिच्या बोटांना कळलं, तेव्हा रडली. मग भाकरी टाकायला लागली. दिसत नसताना ती भाकरी कशी टाकते कोण जाणे. ती गेली दोन वर्षं तिकडं गेलेली नाही, पाय चालत नाहीत म्हणाली. टिनाचं छप्पर झालं हे तिला ठाऊक आहे. बोकडांचं ठाऊक आहे की नाही, मी विचारलं नाही. तिच्या मनात तिनं मांडलेला दगड आणि झेंडा आहे, मी इथं बसून मनात पाहत होते तसाच.

भाकरीवर तिखट घालून माझ्यापुढं ठेवत ती म्हणाली, "बाई, बसली का तिच्यापाशी घडीभर?"

मी म्हटलं, "बसले."

तू घरी जाशील तेव्हा तिला वेगळं काही सांगू नकोस.

विमलताई